पातळीचा रकाना

मळमड्डीतल्या वादिराज साहेबांच्या नातीनं परदेशातून एक फोटो पाठवला, तिथून हे सगळं सुरू झालं. फोटोत नात पायांना दोन लांब फळ्या बांधून पांढऱ्या उतारावर उभी होती आणि हसत होती. सकाळी फिरायला निघाल्यावर साहेबांनी तो फोटो सगळ्यांना दाखवला, कुणी न विचारता दुसऱ्यांदाही दाखवला, आणि परतीच्या वाटेवर जाहीर केलं, "यंदा आपली सहल स्कीइंगला."

सहल म्हणजे नीरावरी खात्यातल्या निवृत्तांची. नीरावरी म्हणजे पाटबंधारे. एकाच ऑफिसातून निवृत्त झालेले पाच जण आणि त्यांच्या पाच बायका, अशी दहा माणसं दरवर्षी कुठं ना कुठं जाऊन यायची. मंत्रालयचा मठ झाला, गोकर्ण झालं, दांडेली दोनदा झाली. नोकरी सुटली तरी हुद्दा कुणाचा सुटला नव्हता. बसमध्ये पुढची खिडकी सुपरिटेंडिंग इंजिनिअर वादिराज साहेबांची, त्यामागं दोन एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, त्यामागं असिस्टंट इंजिनिअर सुमंत, त्यामागं हेडक्लार्क सुधींद्रराव. आणि सगळ्यात मागं, चाकावरच्या उंच सीटवर, पिशव्यांच्या ढिगात परसू.

परसू त्याच ऑफिसात चौतीस वर्षं शिपाई होता. साहेब निवृत्त झाले त्याच वर्षी तोही झाला, आणि दुसऱ्या आठवड्यात साहेबांचा फोन आला, "परसू, सहलीला येतोस नव्हं? गाडी बघायला कुणीतरी लागतंय." तेव्हापासून अकरा वर्षं गाडी, खोल्या, चहा आणि डोकी मोजणं हे परसूकडं. सुधींद्रराव सुंदर अक्षरात यादी करायचे. एक ते दहा नंबर, दहा नावं, खाली एक रेघ, आणि रेघेखाली लिहायचे, "व्यवस्था: परसू." त्याला नंबर नसायचा. सभासदाला बायको आणता यायची. व्यवस्थेला बायको नसते.

परसूला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. यंदा वाटलं, ते कमळाबाईमुळं.

रायापूरला घरी येऊन त्यानं सांगितलं, "यंदा बर्फात जायचं म्हणतायत साहेब लोक." कमळाबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. हुबळीच्या एका बर्फाच्या कारखान्यात तिनं सत्तावीस वर्षं काढली होती. लोखंडी आकडा लावून लादी ओढायची, ओल्या फरशीवरून दारापर्यंत आणायची, भुशात लोळवायची, गोणपाटात गुंडाळून गाडीवर चढवून द्यायची. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नव्हती. बर्फ म्हटलं की घरात कुणी सरबताची आठवण काढायचं नाही.

"तिथं बर्फ कुठनं आणतात?" तिनं विचारलं.

"आणत न्हाईत. वरनं पडतंय."

"आपलं आपण?"

"व्हय."

"आणि वडत कोण न्हाई?"

"कोण न्हाई."

"मग भुसा?"

"भुसा कशाला?"

"इतळू नये म्हणून की."

"तिथं इतळतच न्हाई म्हणं. पडलंय ते पडलंय."

कमळाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. सत्तावीस वर्षं जे वितळायच्या आत दारापर्यंत न्यायचं म्हणून मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, ते कुठंतरी फुकट पडून राहतंय आणि त्याची कुणाला घाई नाही, हे तिला पटेना.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिनं इतकं सरळ कधी काही मागितलं नव्हतं. परसू "बघू" म्हणाला खरा, पण रेघेखालचा माणूस बायकोला रेघेवर कसा नेणार, हे त्याला समजेना.

इकडं साहेबांच्या व्हरांड्यात बैठका सुरू झाल्या. पहिल्या बैठकीत गुलमर्ग निघालं. सुधींद्ररावांनी कॅल्क्युलेटर काढला, बोटं चालवली, आणि तो साहेबांच्या पुढं धरला. साहेबांनी चष्मा वर करून आकडा पाहिला आणि म्हणाले, "तिकडं गर्दी फार असते." गुलमर्ग संपलं. दुसऱ्या बैठकीत औली निघालं. सुमंतांनी गाड्या किती बदलाव्या लागतात ते सांगितलं, तेव्हा बायकांनीच नको म्हटलं. पुढच्या बैठकांत अटी ठरल्या. शकुंतलाबाईंचे, म्हणजे साहेबांच्या पत्नींचे, गुडघे दुखतात म्हणून खोली तळमजल्यावर हवी. सुधींद्ररावांना एकादशीला साबुदाणा हवा. सुमंतांना सकाळी सहाला कडक पाणी हवं. सगळ्यांना स्वस्त हवं. उतार कसा आहे, हे मात्र अकरा दिवसांत कुणी विचारलं नाही.

"परसू, तूच बघ की कुठंतरी," शेवटी साहेब म्हणाले.

परसूनं बघितलं. हिवाळ्यात हुबळीच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजूला मुंडगोडच्या वसाहतीतल्या तिबेटी बाया स्वेटर विकायला बसतात. त्यातल्या एकीकडून कमळाबाई दरवर्षी बोटांसाठी लोकरी हातमोजे घ्यायची. त्या बाईच्या बहिणीचा दीर हिमाचलात रुपाधार नावाच्या गावात राहायचा. त्याच्या दहा खोल्या होत्या, दोन उतार होते, आणि तो स्वतः लोकांना फळ्यांवर उभं राहायला शिकवायचा. परसूनं आपल्या मोडक्या हिंदीत फोन केला. भाव गुलमर्गच्या तिसऱ्या हिश्श्यानं निघाला. शिवाय एक सवलत होती. सगळेच शिकाऊ आले तर शिकवणाऱ्यांची ओढाताण होते, सगळेच जाणकार आले तर शिकवणारे रिकामे बसतात. म्हणून गटात शिकाऊ किमान दोन आणि त्यांच्या वरचा किमान एक असा असेल, तर चौथा हिस्सा कमी.

व्हरांड्यात हे ऐकून सुधींद्ररावांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी फॉर्म आला. नाव, वय, वजन, बुटाचं माप, आणि शेवटचा रकाना: पातळी. एक, दोन किंवा तीन. पातळी म्हणजे काय ते खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. पण ऑफिसात खालची बारीक अक्षरं वाचून सांगायचं काम हेडक्लार्कचं असतं, आणि हेडक्लार्क तर आता सभासद होते.

"पातळी म्हणजे ग्रेड," साहेब म्हणाले. "क्लास वन आहेत त्यांना तीन लिहा."

साहेबांच्या आणि दोन्ही एक्झिक्युटिव्हांच्या नावापुढं तीन लागला. सुधींद्ररावांनी सुमंतांच्या नावापुढं दोन लिहिताच सुमंत खुर्चीत पुढं सरकले.

"सुधींद्रराव, आठ महिने डिव्हिजनचा चार्ज माझ्याकडं होता."

"चार्ज होता. पगार नव्हता."

"सही कुणाची चालायची?"

"सही चालायची हो. पण पेन्शन कुठल्या हुद्द्याची येते, सांगा बघू?"

दोन कायम राहिला. सुधींद्ररावांनी स्वतःलाही दोन लिहून घेतला. एवढी वर्षं साहेबांच्या सगळ्या टिपण्या आपणच लिहिल्या, हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटून सांगितलं.

"आणि बायकांचं?" शकुंतलाबाईंनी दारातून विचारलं.

"नवऱ्याची पातळी तीच बायकोची," साहेबांनी निर्णय दिला. शकुंतलाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांना त्या दिवशीही पट्टे बांधलेले होते. त्यांच्या नावापुढं तीन लागला.

पहिल्या पातळीत कुणीच नव्हतं. सुधींद्ररावांनी सवलतीची आठवण दिली: शिकाऊ दोन हवेत. सगळे एकमेकांकडं पाहू लागले. आडगावी बदलीची ऑर्डर आली की ऑफिसात असंच पाहायचे. मग सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी थर्मासकडं गेल्या, आणि थर्मासमागं परसू होता.

"परसू आहे की!"

"एक झाला. दुसरा?"

परसूनं कप खाली ठेवला. "माझी मंडळी आहे, साहेब."

"तिला सभासद करावं लागेल," सुधींद्रराव म्हणाले. "तुलाही. रेघ खालून वर... म्हणजे वरून खाली न्यावी लागेल."

"सवलत किती सुटते?" साहेबांनी विचारलं. सुधींद्ररावांनी कॅल्क्युलेटर पुढं धरला. साहेबांनी आकडा पाहिला. "नियमात बसतंय," ते म्हणाले.

अकरा नंबर परसू, बारा नंबर कमळाबाई. त्या दिवशी परसू सिटी बसमध्ये बसला आणि रायापूरच्या पुढं दोन स्टॉप निघून गेला, इतका तो खुशीत होता. कमळाबाईनं ऐकलं, उठून ट्रंकेतले मोजे बाहेर काढले आणि उन्हात टाकले.

चार दिवसांनी रुपाधारच्या मालकाचा फोन आला. फॉर्म मिळाला म्हणाला. शिकाऊ दोघांना तळमजल्यावरची खोली, शेकोटी, गरम पाणी, बूट, जाड कोट, आणि धरून चालवायला माणूस. आणि पातळी दोन, पातळी तीन यांना नेहमीप्रमाणे वरच्या उतारावरची झोपडी.

"वरची म्हणजे?" परसूनं विचारलं.

वरची म्हणजे दोरावरून सरकणाऱ्या पाळण्यात बसून वर जायचं. तिथं पाणी गरम होत नाही, पण अशा लोकांना त्याचं काही नसतं. सकाळी नाश्त्याला फळ्यांवरून घसरत खाली यायचं.

"पाळण्यानं परत न्हाई येत?"

पाळणा फक्त वर जाताना माणसं घेतो, मालक म्हणाला. मग हौसेनं म्हणाला, तुमच्या गटात एक अडुसष्ट वर्षांच्या बाई तिसऱ्या पातळीच्या आहेत, आमच्याकडं सगळे त्यांची वाट बघतायत.

परसू तसाच सायकलच्या दुकानापुढच्या बाकावर बसला. मग उठून मळमड्डीला गेला. "साहेब, ते पातळीचं जरा..."

"परसू, पातळीचा विषय संपलाय. आता ज्याला त्याला आपापल्या ग्रेडवर समाधान मानायला हवं," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, हाही सुमंतांसारखं बढती मागायला आलाय.

घरी त्यानं कमळाबाईला सगळं सांगितलं.

"मरतील काय?" तिनं विचारलं.

"मरणार न्हाईत. तंगड्या मोडतील."

"शकुंतलाअक्काबी?"

"तिच्या तर आधीच मोडल्यात."

"मग सांगा की त्यास्नी."

"सांगितलं की त्यातले चार तरी शिकाऊत येणार. मग शिकाऊ म्हणून आपली गरज काय? सुधींद्रराव पहिल्यांदा आपली दोन नावं खोडणार बघ."

कमळाबाई उन्हातले मोजे घडी करत होती. घडी केलेले मोजे तिनं पुन्हा उलगडले, पुन्हा घडी केली. "मी लई बर्फ बघितलाय," ती म्हणाली. "एक बाई लंगडी करून अजून बघायचा न्हाई मला." आणि मोजे ट्रंकेत ठेवून झाकण लावलं.

तोंडानं सांगून साहेब लोकांना काही कळत नाही, हे परसूला चौतीस वर्षांत कळलं होतं. त्यांना फाइलमधूनच कळतं. फायली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना त्यानं इतक्या टिपण्या वाचल्या होत्या, की त्यांची चाल त्याला पाठ होती. साहेबाची चूक झाली म्हणायचं नाही. साहेबाला कर्तव्य सुचवायचं. त्यानं एक जुना फोल्डर काढला, त्याला लाल फीत बांधली, आणि आत कन्नडात एक टिपणी लिहिली. मराठीत सांगायचं तर ती अशी होती:

"विषय: शिकाऊ वर्गाची तपासणी. रुपाधार इथं शिकाऊंना मिळणारं शिक्षण, शेकोटी व गरम पाणी नियमाप्रमाणे आहे की नाही हे पाहणं आवश्यक आहे. तरी वरिष्ठांनी सहलीच्या काळापुरतं स्वतः त्या वर्गात राहून तपासणी करावी. यामुळं त्यांच्या मूळ पातळीला बाध येणार नाही. वरच्या झोपडीत गरम पाणी नाही व खाली येण्यास पाळणा नाही, ही माहिती सोबत. आदेशार्थ सादर."

शनिवारी सगळ्या सभासदांनी सह्या करायला यायचं होतं. कमळाबाईही आली. विहारात वंदनेला नेसायची पांढरी साडी नेसून ती व्हरांड्याच्या पायरीशी उभी राहिली. शकुंतलाबाईंनी "वर या की अक्का" म्हणून तिला आपल्या शेजारी बसवलं. परसूनं फोल्डर साहेबांपुढं ठेवला. लाल फीत बघताच साहेबांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडं गेला. त्यांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर जरा थांबले, बायकोच्या गुडघ्यांकडं पाहिलं, आणि समासात लिहिलं, "मान्य. तपासणी अत्यावश्यक." फोल्डर हुद्द्याप्रमाणं फिरला. सगळ्यांनी सह्या केल्या. सुमंतांनी तर तपासणी सहलीच्या आदल्या दिवसापासून सुरू करावी असं सुचवलं.

"पण मग सवलत जाते," सुधींद्रराव म्हणाले. "आता बाराही जण पहिल्या पातळीत आले. वरचा एक तरी लागतो. सवलत नाही म्हणजे..." कॅल्क्युलेटर फिरला. सगळ्यांची तोंडं उतरली. सुधींद्ररावांनी घसा साफ केला. "एक मार्ग आहे. दोन डोकी कमी केली तर खर्च आवाक्यात येतोय. शिकाऊ आता आपल्याकडं पुष्कळ आहेत. तेव्हा शेवटचे दोन नंबर..."

परसूनं मान खाली घातली. कमळाबाई उठायला लागली. शकुंतलाबाईंनी तिचा हात धरला, आणि ती दोन वाकडी बोटं त्यांच्या हाताला लागली. "हे काय झालं, अक्का?"

"बर्फानं, अक्का. कारखान्यात."

"किती वर्षं?"

"सत्तावीस."

शकुंतलाबाई नवऱ्याकडं वळल्या. "अहो, त्या माणसाला फोन लावा. मोठ्यानं लावा, सगळ्यांना ऐकू येऊ दे. त्याची दुसरी पातळी म्हणजे नेमकं काय, विचारा."

फोन लागला. मालक म्हणाला, फॉर्मवर लिहिलंय की. सुधींद्ररावांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला आणि बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. पातळी एक: बर्फावर कधी पाय ठेवलेला नाही. पातळी दोन: बर्फावर आधाराशिवाय उभं राहून चालता येतं. पातळी तीन: वरच्या उतारावरून खाली येता येतं. वाचताना त्यांचा आवाज बारीक अक्षरांएवढाच बारीक झाला.

"तुम्ही कधी पडलात का हो अक्का तिथं?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"पडून कसं चालंल? लादी अंगावर येती की. सपाता घालून चालायची मी, मागं लादी ओढत. फरशीवर सगळं पाणी नि बर्फच."

हे सगळं साहेबांनी मालकाला सांगितलं. पलीकडून हसणं ऐकू आलं. मालक म्हणाला, सत्तावीस वर्षं? मागं वजन ओढत? साहब, आमचे शिकवणारे असं चालत नाहीत. बाईंना दुसऱ्या पातळीत घाला. आणि वर झोपवणार नाही, खालीच राहू दे त्यांना. सवलत पक्की.

फोन बंद झाला. आता यादी नव्यानं करायची होती, आणि यादी पातळीप्रमाणंच व्हायची; वरचा आधी, हा नियम अकरा वर्षांचा होता. यंदा रेल्वेतले बर्थही यादीप्रमाणंच मिळणार होते, पहिले दोन खालचे, पुढचे दोन वरचे, असे. सुधींद्ररावांनी पेन उघडलं, साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी कॅल्क्युलेटरकडं पाहिलं आणि मान हलवली. नंबर एक: कमळाबाई.

"नंबर दोन, साहेब तुम्ही," सुधींद्रराव म्हणाले.

"कसं काय?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "नवरा-बायकोची पातळी एकच, हे ह्यांनीच ठरवलंय ना?"

"ते नवऱ्याची बायकोला," साहेब म्हणाले.

"एकच म्हटल्यावर ती दोघांना सारखीच की. का मी येऊ नको?"

नंबर दोन: परसू. तीन नंबरला वादिराज साहेब, कंसात "तपासणीवर". मग शकुंतलाबाई, कंसात "तपासणीवर". असं करत शेवटी सुधींद्ररावांच्या पत्नी अकरा नंबरला आणि लिहिणारा शेवटी म्हणून सुधींद्रराव स्वतः बाराला आले. त्यांनी सवयीनं खाली रेघ मारली, "व्यवस्था:" लिहिलं, आणि पेन तिथंच थांबलं.

टेबलावर थर्मास होता, कप उपडे होते. परसू सवयीनं उठला. कमळाबाईनं वाकड्या बोटांनी त्याचा शर्ट मागून धरला आणि त्याला खाली बसवलं.

"वरच्या बर्थवर माझे गुडघे कसे चढायचे?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"माझा घ्या की अक्का," कमळाबाई म्हणाली. "मी ह्यांचा घेते, ह्यांना वर पाठवते. साहेबांच्या समोर."

साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग यादीतल्या शेवटच्या नावाकडं बोट नेऊन म्हणाले, "सुधींद्रराव, चहा."

सुधींद्रराव उठले. थर्मासचं झाकण कुठल्या बाजूनं फिरतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, ते सुमंतांनी दाखवलं. थोडा चहा टेबलावर सांडला. पहिला कप यादीप्रमाणं कमळाबाईकडं गेला, दुसरा परसूकडं. परसूनं घोट घेतला आणि त्याची जीभ पोळली. अकरा वर्षं तो हाच चहा सगळ्यांना देऊन झाल्यावर थर्मासच्या तळाचा पीत आला होता. तो एवढा गरम असतो, हे त्याला आज कळलं.